डोंगराची राखण कोणाच्या खर्चानं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांच्याविषयी बोलायला माझ्यापेक्षा जवळची माणसं समोर बसली आहेत. म्हणून मी सरळ विषयाला हात घालतो. विषय पैशाचा आहे. माती, पाणी आणि झाड राखावं म्हणून सरकार शेतकऱ्याला जो पैसा देतं, तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कोणाच्या दारी जातो, कसल्या कामावर पडतो, आणि कोणत्या कामापर्यंत पोचतच नाही, हे मला मांडायचं आहे.

माझं शेत गोमाई नदीच्या खोऱ्यात, शहादा तालुक्यात. पपई करतो, केळी करतो. ठिबकाचं अनुदान घेतलेलं आहे, आणि पुन्हा मिळालं तर पुन्हा घेईन. तेव्हा आज जे बोलणार आहे ते घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून बोलतो आहे, एवढं लक्षात असू द्या.

धुळ्यातून वेगळं होऊन १ जुलै १९९८ रोजी आपला जिल्हा झाला. तालुके सहा. पण शेतीच्या दृष्टीनं पाहिलं तर जिल्हे दोनच आहेत, एक उताराचा आणि एक सपाटीचा. धडगाव, म्हणजे कागदावरचा अक्राणी तालुका, आणि अक्कलकुव्याचा मोठा भाग सातपुड्याच्या अंगावर आहे. तिथं भिल्ल आणि पावरा शेतकरी ज्वारी, मका, तूर, उडीद आणि मोर, भादी ही भरडधान्यं घेतो, ती बहुतेक सगळी पावसाच्या भरवशावर. खाली तापीच्या काठानं शहादा, तळोदा, नंदुरबारची काळी जमीन. तिथं ऊस, केळी, पपई, मिरची. नवापूर यांच्यापेक्षा निराळं, भाताचं आणि मावची बोलीचं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले दहापैकी सात जण अनुसूचित जमातींचे. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी आठवण अशासाठी करून देतो की, अनुदानाचा हिशेब जिल्ह्याच्या एकाच आकड्यात दिला की हे दोन जिल्हे त्यात विरघळून जातात.

आता उतारावर काय होतं ते बघू. देहरादूनच्या मृदा संधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली देशाच्या मातीचा हिशेब मांडला होता. वर्षाला हेक्टरी सरासरी १६ टनांहून जास्त माती जागा सोडते, असा तो अंदाज. हेक्टरभर जमिनीवरचा एक मिलिमीटरचा थर म्हणजे साधारण तेरा टन. म्हणजे देशाच्या सरासरीनं वर्षाला मिलिमीटरहून थोडं जास्त जातं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण धडगावच्या टेकडीवर माती असते वीतभर, कुठं कुठं चार बोटं, आणि तिथला उतार सरासरीचा नाही. खाली मुरमाड दगड आहे. ती चार बोटं गेली की शेतकरी जमीन बदलू शकत नाही, पीक बदलतो. ज्वारीच्या जागी मोर येतो, मोराच्या जागी गवत, आणि मग घरातली तरुण माणसं ऊसतोडीला गुजरातची वाट धरतात.

आणि ती माती जाते कुठं? सातपुड्याच्या उत्तर अंगाची उदईच्या वाटेनं नर्मदेत, दक्षिण अंगाची गोमाई, सुसरीसारख्या नद्यांनी तापीत. तापीचं पाणी पुढं उकाईत थांबतं. १९७२ साली पुरं झालेलं हे धरण गुजरातेत, पण त्याचं फुगवट्याचं पाणी नवापूर-नंदुरबारच्या गावांना लागलेलं. मूळची साठवण साडेआठ हजार दशलक्ष घनमीटरच्या घरातली, ती गाळानं बरीच कमी झाली आहे. हा सगळा गाळ आपल्या डोंगराचा आहे असं मी म्हणत नाही. तापीचं पाणलोट पार बऱ्हाणपूर, अकोल्यापर्यंत पसरलेलं आहे. पण प्रत्येक खोऱ्यात वरच्याची माती आणि खालच्याचं पाणी यांचा संबंध तोच असतो. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्यांचा आणि भरड रेतीचा एक पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी सावकाश उतरलं तर या पट्ट्यात मुरतं आणि तेच पुढं शहादा-तळोद्याच्या विहिरी-कूपनलिकांना लागतं. धो धो उतरलं तर पट्टा ओलांडून दोन दिवसांत नदीला मिळतं. माझ्या पपईखालचं पाणी वरच्या कोणाच्या तरी शेतात थांबलं म्हणून मला मिळालं आहे. त्याला मी आजवर एक रुपयाही दिलेला नाही, आणि तुम्हीही दिलेला नाही.

सरकारनं काय केलं? अगदी काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. इंग्रजांच्या १८८३ च्या जमीन सुधारणा कर्जाच्या कायद्यानं विहिरीला, बांधाला तगाई मिळायची. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि शेतात बांध घालणं हे सरकारी काम झालं. खर्चाचा भाग खातेदाराकडून हप्त्यानं वसूल व्हायचा. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्रानं जगाला दाखवावी अशी गोष्ट केली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर नेली, १९७७ साली तिचा कायदा केला. त्याच सुमारास आपल्या शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीनं आदिवासींच्या गेलेल्या जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. १९८३ ला सर्वंकष पाणलोट विकास, १९९० ला रोजगार हमीतून फळबाग, १९९२ ला जलसंधारणाचं वेगळं खातं. फेब्रुवारी २००६ मध्ये केंद्राची रोजगार हमी पहिल्यांदा देशातल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नंदुरबार होता. योजनांची नावं नेत्यांप्रमाणे बदलत गेली, कामाचे नमुने फारसे बदलले नाहीत.

त्यातला एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. सलग समपातळी चर. त्याची पातळी काढायला दोन बांबू वरच्या टोकाला बांधतात, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड लोंबतो. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. अशी पावलं टाकत डोंगराच्या अंगानं फक्कीच्या खुणा करत जायचं. शाळेत न गेलेली बाई ही रेषा ओव्हरसियरपेक्षा बिनचूक आखते, हे मी पाहिलेलं आहे. मग त्या रेषेवर दोन फूट रुंद, फूटभर खोल चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला लावायची. हजेरीपट भरला, मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-खोली लिहिली गेली, फोटो चढला, मजुरी खात्यात आली. काम संपलं.

सरकारच्या दृष्टीनं संपलं. चराच्या दृष्टीनं आत्ता कुठं सुरू झालं. पहिल्या जोराच्या पावसात त्यात वरची माती येऊन बसते, आणि त्यासाठीच तर तो खणलेला असतो. दोन-तीन पावसाळ्यांत तो भरतो. आता तो कोणीतरी उपसला पाहिजे, ती माती शेतात परत टाकली पाहिजे, कड ढासळली तिथं दगड लावला पाहिजे, गवताचं बी टाकलं पाहिजे. अनघड दगडी बांधाचंही तेच. गुरांच्या पायानं एक दगड निखळला की पाणी तेवढीच वाट धरतं आणि पुढच्या आषाढात अख्खा बांध ओघळीत पडलेला दिसतो. एक दगड जागेवर ठेवायला दोन मिनिटं लागतात. पण त्या दोन मिनिटांचं मस्टर निघत नाही. वर्षभर अधूनमधून लागणारी, लक्ष ठेवून करायची ही जी राखण आहे, तिला आपल्या कोणत्याही अंदाजपत्रकात धड रकाना नाही. नवा चर खणायला पैसा आहे, जुना जिवंत ठेवायला नाही. म्हणून काही वर्षांनी त्याच टेकडीवर दुसऱ्या योजनेचा फलक लागतो.

हे माझंच रडगाणं नाही. जलयुक्त शिवार अभियानावर महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२० साली विधिमंडळात आला, त्यात ९६३३ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची तहान फारशी भागली नाही असा ठपका होता, आणि केलेल्या कामांच्या देखभाल-दुरुस्तीची सोय नीट झाली नाही, हाही मुद्दा होता. त्यावर राजकारण भरपूर झालं. देखभालीचा मुद्दा मात्र कोणी उचलला नाही. त्याचं उद्घाटन करता येत नाही, हे कारण असावं.

आता सपाटीवर या. इथं पैसा कसा येतो? ठिबकाला केंद्राच्या योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याची भर पडून अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. पूर्वी सोडत निघायची, अलीकडे आधी येईल त्याला आधी. पूर्वसंमती आली की दुकानातून संच आपल्या पैशानं घ्यायचा, बसवायचा, बिल चढवायचं, मोका तपासणी झाली की काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, रक्कम आधार जोडलेल्या खात्यात. मला हे जमतं. सोसायटीत माझी पत आहे, दुकानदार ओळखीचा आहे, मुलाच्या हातात मोबाईल आहे. डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथल्या माणसाला ‘आधी येईल त्याला’ हा नियम कितपत न्यायाचा वाटेल? आणि आधी स्वतः खर्च करायचा, सरकारनं मागाहून द्यायचं, ही पद्धत ज्याच्याजवळ आधीच पैसा आहे त्याच्यासाठीच केलेली आहे. ती मुद्दाम तशी केली असं मी म्हणणार नाही. भ्रष्टाचाराला आळा बसावा म्हणून केली. परिणाम व्हायचा तोच झाला.

शिवाय सपाटीवर संधारणाच्या नावानं जे चालतं त्यातलं सगळंच संधारण नाही, हेही आपल्या लोकांसमोर बोललं पाहिजे. शेततळ्याचं घ्या. वाहून जाणारं पाणी अडवायचं, ही त्यामागची कल्पना. आपण त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतो आणि कूपनलिकेचं पाणी वर काढून त्यात भरतो. जमिनीच्या पोटातलं, सगळ्यांच्या मालकीचं पाणी एकाच्या बांधाआड उन्हात तापत पडतं. सरकार दरबारी ती जलसंधारणाची नोंद. ठिबकानं एकरी पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोन एकर पपई लावतो आणि भूजल होतं तिथंच, किंवा त्याच्या खाली. मीही तेच करतो. बाजारभाव बघून शेती करणारा माणूस दुसरं काय करणार? पण मग या खर्चाला उत्पादनाचा खर्च म्हणा. संधारणाच्या डोक्यावर तो का घालता?

डोंगराकडे जाणाऱ्या पैशात फळबाग हा सगळ्यात चांगला भाग, असं माझं मत आहे. रोजगार हमीतल्या फळबागेत खड्डा खणण्याची मजुरीही शेतकऱ्यालाच मिळते, रोपाचा खर्च मिळतो, आणि मुख्य म्हणजे पैसा तीन वर्षांत विभागून येतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची रक्कम हवी तर बागायतीत ९० टक्के आणि कोरडवाहूत ७५ टक्के झाडं जिवंत दिसली पाहिजेत. म्हणजे अख्ख्या कारभारात ही एक जागा अशी आहे जिथं सरकार लावण्याबरोबर जगवण्याचेही पैसे देतं. हे तत्त्व झाडाला लागू पडतं तर चराला, बांधाला, गवताला का लागू पडू नये? मला आजवर कोणा अधिकाऱ्यानं याचं पटण्यासारखं उत्तर दिलेलं नाही.

अर्थात, तिथंही एक खोच आहे. धडगावच्या टेकड्यांवर गावरान आंब्याची जुनी झाडं उभी आहेत, आजोबा-पणजोबांच्या काळातली. त्यांच्या मुळ्यांनी जेवढी माती धरली आहे तेवढी कुठल्या योजनेनं धरली नसेल. उन्हाळ्यात या कैऱ्या उतरवतात. घरातल्या बाया, पोरं गोल करून बसतात, साल काढतात, फाका करतात आणि खडकावर, अंगणात वाळत घालतात. चार-पाच दिवस उन्हावर आणि आभाळावर डोळा. अवकाळीचा एक शिडकावा आला की फाका काळ्या पडतात आणि व्यापारी निम्मा भाव सांगतो. तो आमचूर धडगाव, मोलगीच्या बाजारातून नंदुरबारला आणि तिथून देशभर जातो. झाड माती धरतं, माणसाला पावसाळ्याआधी रोकड देतं, पाणी मागत नाही. या झाडाला अनुदान नाही, कारण ते लावलेलंच आहे. त्याच्या शेजारी केशरची कलमं लावली तर आहे. कलमाला मात्र पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागतं, आणि डोंगरात ते डोक्यावरून आणावं लागतं. कोरडवाहूची ७५ टक्क्यांची अट भरली नाही तर दुसरा हप्ता नाही. जुना आंबा तोडून लाकूड विकलं तर त्याच दिवशी पैसे मिळतात, तो राखला तर शासनाकडून काही मिळत नाही. तरीही लोक तो राखतात. त्यांच्या समजूतदारपणावर सरकारनं किती दिवस फुकट जगायचं?

बियाण्याचंही तसंच. धडगावच्या पावरा घरांतून मक्याच्या, ज्वारीच्या जुन्या जाती बायांनी टिकवल्या. बाएफ संस्थेनं त्यांच्याबरोबर बसून त्या जाती नोंदवल्या, गावातच बियाणे बँका उभ्या राहिल्या. पण संकरित मक्याच्या पिशवीवर सवलत मिळू शकते आणि कणगीतल्या बियाण्यावर मिळत नाही, हा उफराटा हिशेब अजून पुरता सरळ झालेला नाही.

कागदाचा प्रश्न वेगळाच. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्याला चार हेक्टरपर्यंत हक्क दिला, नवरा-बायको दोघांच्या नावानं. आपल्या जिल्ह्यात असे दावे मोठ्या संख्येनं मंजूर झाले, त्यासाठी लोकांनी मोर्चे काढले, पायी मुंबईपर्यंत गेले. ही जमीन बहुधा सगळ्यात चढाची, म्हणजे संधारणाची गरज सगळ्यात जास्त. पण वनपट्टा विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, आणि योजनेचे अर्ज वर्षानुवर्षं सातबारा आणि आठ-अ मागत आले. रोजगार हमीच्या कामांत वनपट्टाधारकाच्या जमिनीवर काम घ्यायला स्पष्ट परवानगी होती, दिवसही जादा मंजूर केले होते. तरी तालुक्याच्या टेबलावर ‘ही जमीन तर फॉरेस्टची’ हे वाक्य ऐकून माणूस परत डोंगर चढतो.

जगात इतरत्र काय चालतं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात मैदानांवरची माती वादळांनी उडवली, तेव्हा १९३५ साली त्यांनी मृदा संधारणाचं खातं काढलं. १९८५ पासून तिथं अशी योजना आहे की धूप होणारी जमीन शेतकऱ्यानं दहा ते पंधरा वर्षं पेरायची नाही, गवत-झाडं ठेवायची, आणि सरकारनं त्याला दरवर्षी भाडं द्यायचं. कोणत्या काउंटीत कोणाला किती मिळालं हे तिथं लोकांना पाहता येतं. चीननं १९९९ पासून २५ अंशांहून तीव्र उतारावरची शेती थांबवून झाडं लावणाऱ्या कुटुंबांना धान्य आणि रोख रक्कम दिली, तीही फळझाडांना पाच आणि जंगली झाडांना आठ वर्षं. हे जसंच्या तसं इथं आणा, असं मी मुळीच सांगणार नाही. दोन एकर उतार हीच ज्याची सगळी इस्टेट, त्याला जमीन पडीक ठेवायला सांगणं म्हणजे ऊसतोडीला धाडणं. पण त्या दोन्ही देशांनी एक गोष्ट मान्य केली. माती राखणं हे दर वर्षी करायचं काम आहे आणि त्याचे पैसे दर वर्षी द्यावे लागतात.

आपल्याकडे ते कसं होईल? पैसा अगदीच नाही अशी स्थिती नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर आणि शहादा-नंदुरबारची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याखाली आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायती-ग्रामसभांकडे जातो, आणि त्याच्या मंजूर उपयोगांत वनीकरण, जलसंधारण बसतं. त्यातून गावानं आपल्या शिवारातल्या चरांची, बांधांची, जुन्या झाडांची यादी करावी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावाच्या समितीनं फेरी मारावी. जागेवर असलेल्या बांधामागे, जिवंत झाडामागे, ज्याच्या शेतात ते आहे त्या कुटुंबाला ठरलेली रक्कम द्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल, ती वेळेवर आणि दरवर्षी आली पाहिजे. शेजारच्या साक्री तालुक्यात बारीपाड्यानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं असं राखणीचं काम गावाच्या नियमावर तीस वर्षं चालवलं, जंगल परत उभं केलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्यानं सरकारची वाट पाहिली नाही, हे कौतुकाचं आहेच. पण प्रत्येक गावाला चैत्रामभाऊ मिळेल या भरवशावर धोरण आखता येत नाही.

आणि सपाटीवाल्यांनो, आपलं काय? आपली साखर कारखानदारी आहे, पपईचे ट्रक दिल्लीपर्यंत जातात, बाजार समित्या आहेत. वरच्या पाणलोटाच्या राखणीसाठी आपल्या टनामागे काही पैसे कापून द्यायला आपण तयार आहोत का? हा प्रश्न मी माझ्या गावच्या सोसायटीत विचारला तेव्हा लोक हसले. इथं कोणी हसलं नाही, याबद्दल आभार.

येत्या ग्रामसभेत एक काम करा. वरच्या गावांतून आलेल्यांनी जुन्या कामांच्या देखभालीचा विषय लेखी द्या, ठराव नोंदवून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. खालच्या गावांतल्यांनी त्याच ठरावाला पाठिंब्याचा आपला ठराव करा. दोन्ही प्रती एकत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे घेऊन जायला मी येईन.